जर्मनी एकच देश हाय ना? मग सुट्ट्या राज्याराज्यात वेगळ्या का, आणि हे लोक नक्की एक कधी झाले?

शिरोली_सेकंड_शिफ्ट

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा येडपट वाटंल पण मनापासून विचारतोय.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. आमचं एक जर्मन गिऱ्हाईक आहे, त्यांचे तीन प्लांट, एक स्टुटगार्टच्या बाजूला, एक बव्हेरियात आणि एक पूर्वेला सॅक्सनीत. दिवाळीच्या आधी कंटेनर काढायचा होता आणि सॅम्पलचं अप्रूव्हल सॅक्सनीवाल्याकडं अडकलेलं. ३१ ऑक्टोबरला फोन लावतोय लावतोय, कोण उचलंना. मेल टाकली तर ऑटो रिप्लाय, आज सुट्टी. मग बव्हेरियावाल्याला लावला, तो हजर, म्हणतो आम्हाला आज कसली सुट्टी, आमची उद्या आहे. दुसऱ्या दिवशी १ नोव्हेंबर, तर बव्हेरिया बंद, स्टुटगार्ट बंद, आणि सॅक्सनीवाला खुर्चीत बसून मलाच विचारतोय काल एवढे मिस्ड कॉल कशाला. तिकडं कंटेनरवाला तासातासाला फोन करतोय. मालकांनी मला काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

पुढं महिन्याभरानं तिघंही ऑडिटला आले, तेव्हा तांबडा-पांढरा खायला नेलं आणि विषय काढला. म्हटलं, तुम्ही १८७१ ला एक झालात असं आम्हाला शाळेत शिकवलंय. स्टुटगार्टवाला म्हणाला तो सगळा प्रशियाचा, म्हणजे उत्तरेतल्या त्यांच्या सगळ्यात मोठ्या राज्याचा, उद्योग होता. सॅक्सनीवाला म्हणाला आम्ही खरे १९९० ला आलो. बव्हेरियावाला रस्सा फुंकून पीत होता, तो म्हणाला आमचा विचार अजून चालू आहे. आणि तिघं हसत सुटले, मी आपला मधी बसून.

तर नक्की कधी एक झाले हे लोक? आणि एवढे जर फुटून वागणारे होते तर त्या हिटलरच्या मागं सगळे एका रांगेत कसे काय गेले? माहीतगारांनी सांगा, गूगल करून कंटाळलोय, प्रत्येक ठिकाणी वेगळं साल दिसतंय.

कागलचे_मास्तर

सुट्टीचं आधी सांगतो कारण तुझा कंटेनर त्याच्यात अडकला होता. ३१ ऑक्टोबर १५१७ ला मार्टिन लूथरनं विटेनबर्गला पोपच्या विरोधात आपले मुद्दे मांडले, प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात तिथून धरतात, म्हणून प्रोटेस्टंट वळणाच्या राज्यात त्या दिवशी सुट्टी. १ नोव्हेंबर हा कॅथलिकांचा सर्व संतांचा दिवस. आता कुठलं राज्य प्रोटेस्टंट आणि कुठलं कॅथलिक हे ठरलं कसं, तर १५५५ च्या आउग्सबुर्गच्या तहात. त्या तहाचं सार एका ओळीत सांगायचं तर जो राजाचा धर्म तोच प्रजेचा. राजा लूथरकडं गेला की अख्खं संस्थान लूथरकडं. म्हणजे तुझा फोन न उचलण्यामागं साडेचारशे वर्षांपूर्वीचा एक तह आहे, मालकांना सांगून बघ पटतंय का.

आता मूळ प्रश्न. हे समजायला आपल्यालाच सोपं आहे, पुण्यामुंबईच्या माणसाला अवघड जाईल. स्वातंत्र्याच्या आधीचा आपल्या भागाचा नकाशा डोळ्यासमोर आण. कोल्हापूर संस्थान, त्याच्या पोटात कागल, इचलकरंजी, बावडा, विशाळगड अशा जहागिऱ्या, शेजारी सांगली, मिरज थोरली पाती, मिरज धाकटी पाती, कुरुंदवाड थोरली, कुरुंदवाड धाकटी, जमखिंडी, रामदुर्ग, मुधोळ, आणि मधेमधे इंग्रजांचे तालुके शिंपडलेले. एका संस्थानाचं गाव दुसऱ्याच्या हद्दीत, वाटणीत ओढा एकाचा आणि बांध दुसऱ्याचा. हाच नकाशा शंभर पट मोठा कर, झाली जर्मनी.

तिकडं पण थोरली पाती धाकटी पाती होती बरं का. रॉइस नावाचं एक घराणं होतं, थोरल्या पातीची राजधानी ग्राइट्स आणि धाकट्या पातीची गेरा. आणि गंमत म्हणजे त्या घराण्यात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिश, सगळ्यांचं, गादीवर बसो न बसो. ओळखायला फक्त नंबर. थोरली पाती शंभरापर्यंत मोजून परत एकपासून सुरू करायची, धाकटी पाती शतक बदललं की नव्यानं मोजायची. हजेरी घेणाऱ्याची काय अवस्था होत असेल.

या सगळ्यांच्या डोक्यावर एक छत्र होतं, पवित्र रोमन साम्राज्य. ९६२ साली पहिला ऑटो पोपच्या हातून सम्राट झाला तेव्हापासून धरतात. नाव मोठं लक्षण खोटं असला प्रकार, कारण सम्राट निवडून यायचा आणि निवडणारे राजेच असायचे, १३५६ च्या फर्मानात असे सातजण ठरवून दिलेले. ज्याला आपण निवडलं त्याला कोण घाबरणार. १६१८ ते १६४८ तीस वर्षं युद्ध झालं, स्वीडन, फ्रान्स, स्पेन सगळ्यांनी जर्मन भूमीवर येऊन आपापली भांडणं मिटवली, काही मुलुखात निम्मी माणसं उरली नाहीत. ते युद्ध संपवणाऱ्या तहानंतर तर प्रत्येक राजा जवळजवळ स्वतंत्रच झाला. शेवटी नेपोलियननं धक्का दिला आणि ६ ऑगस्ट १८०६ ला सम्राट दुसरा फ्रान्सिसनं मुकुट खाली ठेवला.

इथं एक महत्त्वाचं. नेपोलियननं शेकडो बारकी संस्थानं मोठ्यांच्या घशात घातली. म्हणून तो हरल्यावर १८१५ ला व्हिएन्नात सगळे बसले तेव्हा मोजून ३९ उरली, त्यांचा एक सैल संघ केला. जर्मन एकीकरणाचं अर्धं काम फ्रेंच माणसानं करून ठेवलं असं मी वर्गात सांगायचो.

चहा घेऊन येतो, पुढचं नंतर.

गंगावेस_कट्टा

मास्तर एक नंबर. चहा प्या सावकाश, आमी हाय इथंच.

तोवर माझं दोन पैसे. मी कुठंतरी वाचलेलं की जर्मनी पैल्यांदा एक झाली ती जकातीवरनं. हॅम्बर्गवरनं ऑस्ट्रियाला माल न्यायचा म्हटलं तर दहा संस्थानं लागायची आणि दहा ठिकाणी जकात द्यायची, फ्रीडरिश लिस्ट म्हणून एकजण होता त्यानं १८१९ लाच अर्ज केलता की आवरा हे, यापारी मरायलाय. मग प्रशियानं पुढाकार घेऊन १ जानेवारी १८३४ पासनं बऱ्याच संस्थानांचं मिळून एकच जकात क्षेत्र केलं. मधले नाके बंद. जर्मनमधी जकातीला त्सोल म्हणत्यात आणि आपला टोल त्याचाच चुलतभाऊ हाय, शब्द एकाच मुळातनं आल्यात.

म्हंजे बघा, त्यांनी आधी टोल घालवला आणि मग सदतीस वर्षांनी देश केला. आपण कोल्हापूरकरांनी पण टोल घालवून दावलाय, रस्त्यावर उतरून. देश करायचं तेवढं राह्यलंय 😄

कागलचे_मास्तर

गंगावेसवाले बरोबर सांगितलंत, आणि त्यात एक खोच आहे, त्या जकात संघात ऑस्ट्रियाला घेतलं नव्हतं. पुढच्या भांडणाचं बी तिथंच पडलं.

१८४८ ला लोकांनी स्वतःहून देश करायचा प्रयत्न केला. फ्रँकफर्टच्या सेंट पॉल चर्चमधे १८ मे ला निवडून आलेली संसद बसली, वकील, प्रोफेसर, न्यायाधीश असली सगळी विद्वान मंडळी. महिनेच्या महिने चर्चा, ऑस्ट्रियाला धरून मोठी जर्मनी करायची का सोडून छोटी करायची. चांगली घटना लिहिली, मूलभूत हक्क लिहिले आणि १८४९ ला प्रशियाच्या राजाला मुकुट देऊ केला. त्यानं नाकारला. मुकुट देवानं द्यायचा असतो, चार चौकातल्या लोकांनी दिलेला मी घालणार नाही, हा त्याचा विचार. विद्वानांकडं ना फौज होती ना पैसा, संसद पांगली.

मग आला बिस्मार्क. १८६२ ला प्रशियाचा मुख्यमंत्री झाला आणि त्याच सप्टेंबरात म्हणाला की मोठे प्रश्न भाषणानं आणि बहुमतानं सुटत नाहीत, लोखंड आणि रक्तानं सुटतात. तीन लढाया. १८६४ डेन्मार्क, १८६६ ऑस्ट्रिया, १८७० फ्रान्स. ऑस्ट्रियाला त्यानं सात आठवड्यात लोळवलं, आणि ऑस्ट्रियाच्या बाजूनं उभं राहिलेलं हॅनोव्हरचं राज्य सरळ खालसा केलं, राजाचा खजिना जप्त. हा खजिना ध्यानात ठेव.

फ्रान्सशी लढाई चालू असताना दक्षिणेची राज्यं सोबत आली, पण सम्राट हो असं प्रशियाच्या राजाला म्हणायचं कोणी? मान बव्हेरियाच्या राजाचा. तो दुसरा लुडविग, किल्ले बांधायच्या नादात कर्जात बुडालेला, पत्र लिहायला तयार नव्हता. शेवटी नोव्हेंबर १८७० च्या अखेरीस त्यानं लिहिलं, मसुदा बिस्मार्कनंच पाठवलेला, लुडविगनं फक्त आपल्या अक्षरात उतरवला. आणि मग त्याला वर्षानुवर्षं गुपचूप पैसे जात राहिले, त्या हॅनोव्हरच्या जप्त खजिन्यातून. एका राजाला लुटून दुसऱ्याला दिलं आणि तिसऱ्याला सम्राट केलं, मानलं पाहिजे.

१८ जानेवारी १८७१, व्हर्सायचा आरसेमहाल. जर्मन साम्राज्याची घोषणा फ्रान्सच्या राजवाड्यात, आणि हजर कोण तर राजे, राजपुत्र आणि लष्करी अधिकारी. त्याच्या बरोबर सात आठवडे आधी, ३० नोव्हेंबर १८७० ला, आपले छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावरून परतताना फ्लोरेन्सला वारले, वय वीस. तिथं अर्नो नदीकाठी त्यांचं स्मारक आहे. युरोपात हे सगळं घडत होतं तेव्हा कोल्हापूरचा राजा तिथंच फिरत होता ही गोष्ट मला नेहमी हलवून जाते, विषयाशी संबंध नाही तरी सांगितली.

आता माझा मुद्दा. सरदार पटेलांना आपण भारताचे बिस्मार्क म्हणतो, मला ते पटत नाही. पटेलांनी संस्थानं विलीन केली म्हणजे विरघळवलीच. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई प्रांतात गेलं, राज्य म्हणून संपलं. बिस्मार्कनं उलटं केलं, १८६६ ची तीनचार सोडली तर राजांना गादीवरच ठेवलं आणि त्यांचाच संघ केला. १८७१ च्या साम्राज्यात २२ राजेरजवाडे आणि हॅम्बर्ग, ब्रेमेन, ल्युबेक ही तीन स्वतंत्र शहरं होती. बव्हेरियाला स्वतःचं पोस्ट, स्वतःची रेल्वे, शांततेच्या काळात स्वतःचं सैन्य. वरच्या सभागृहात ५८ पैकी १७ मतं प्रशियाची आणि १४ मतं विरोधात गेली की घटनादुरुस्ती अडकायची, म्हणजे प्रशियाला नको ते काही बदलणारच नाही. एक देश, पण संस्थानं जिवंत. तुझा बव्हेरियावाला चेष्टेत बोलला ते अगदीच चेष्टेत नव्हतं.

राज्यसेवा_चौथा_अटेम्प्ट

सर खूप भारी लिहिलंय, फक्त एक दुरुस्ती सुचवतो, राग मानू नका. आजची जी राज्यं आहेत ती जुनी संस्थानं नाहीत सगळी. बव्हेरिया, सॅक्सनी, हॅम्बर्ग, ब्रेमेन यांचा धागा जुना आहे, पण नॉर्थ राइन वेस्टफालिया वगैरे १९४५ नंतर दोस्त राष्ट्रांनी रेघा मारून केलीत. आणि ज्या प्रशियानं सगळं जमवलं ते प्रशियाच २५ फेब्रुवारी १९४७ ला दोस्तांनी कायदा करून कागदावरनं पुसून टाकलं. आज प्रशिया नावाचं राज्यच नाही.

आता हिटलरचं मी सांगतो, अभ्यासिकेत बसून हेच वाचायला लागलंय. आपल्या पॉलिटीच्या पुस्तकात एक ओळ असते बघा, आणीबाणीत मूलभूत हक्क स्थगित करणे, वायमार घटनेवरून घेतले. ती ओळ पाठ करून तीन वर्षं झाली, मागची गोष्ट फार नंतर कळली.

९ नोव्हेंबर १९१८ ला युद्ध हरत आलेलं, कैसर म्हणजे सम्राट गेला, आणि त्या एका महिन्यात सगळ्याच्या सगळ्या २२ गाद्या गेल्या. १९१९ ची घटना वायमार गावात केली. कागदावर जगात भारी, बायकांना मत, प्रमाणात जागा. पण कलम ४८ मधे राष्ट्राध्यक्षाला आणीबाणीत वटहुकूम काढायचा आणि हक्क थांबवायचा अधिकार. १९२३ ला महागाई अशी की नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क, शून्य मोजत बसा. ते सावरलं, मग १९२९ ची मंदी आली आणि १९३२ च्या सुरुवातीला साठ लाख बेकार.

आता आकडे बघा, भाऊ तुम्ही म्हणता सगळे एका रांगेत गेले. नाही गेले. १९२८ ला नाझींना २.६ टक्के. १९३० ला १८.३. जुलै १९३२ ला ३७ च्या वर आणि नोव्हेंबर १९३२ ला उतरून ३३. म्हणजे खुल्या निवडणुकीत त्याला बहुमत कधीच मिळालं नाही. पार्टी उतरणीला लागलेली असताना म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गच्या भोवतीच्या शहाण्यांनी, आधीचा चान्सलर (म्हणजे पंतप्रधान) पापेन वगैरे, ठरवलं की याला चान्सलर करू आणि आपण मागून दोरी धरू. ३० जानेवारी १९३३. दोरी कुणाच्या हातात राहिली ते माहीतच आहे.

आणि त्याच्याही आधी एक गोष्ट घडलेली जी कुणी सांगत नाही. २० जुलै १९३२ ला याच पापेननं कलम ४८ वापरून प्रशियाचं निवडून आलेलं राज्य सरकार बरखास्त केलं. आपल्याकडं राष्ट्रपती राजवट लावतात तसलंच समजा. जर्मनीची निम्म्याहून जास्त लोकसंख्या त्या एका राज्यात होती, तिथले पोलीस समाजवादी सरकारच्या हातात होते. ते गेलं. हिटलर आला तेव्हा त्याला अडवणारं मोठं राज्य शिल्लकच नव्हतं.

पुढचं पटापट झालं. २७ फेब्रुवारीला संसद जळाली, दुसऱ्या दिवशी हक्क बंद, तेही कलम ४८ खालीच. २३ मार्चला सगळे अधिकार सरकारला द्यायचा कायदा, बाजूनं ४४४, विरोधात ९४. विरोध फक्त समाजवाद्यांनी केला. कम्युनिस्टांचे ८१ खासदार तुरुंगात नाहीतर फरार, आणि सभागृहात नाझींची तपकिरी कपड्यातली पोरं उभी. मग जानेवारी १९३४ ला राज्यांच्या विधानसभाच रद्द. म्हणजे सरांची जी संस्थानं १८७१ ला टिकली, १९१८ ला राजे गेले तरी राज्यं म्हणून टिकली, ती हिटलरनं मोडली. रांग लोकांनी केली नाही, आधी रांग सोडून उभं राहायच्या जागा काढून घेतल्या. मंदी, बेकारी, व्हर्सायच्या तहाचा राग हे सगळं आहेच, लाखोंनी मत दिलंच की त्याला, ते मी झाकत नाही.

गंगावेस_कट्टा

भावा तू पास हुणार हाय. नाही झालास तर परीक्षाच चुकीची.

वळिवडे_फाटा

मास्तरांनी फ्लोरेन्स काढलं म्हणून मी आमचं काढतो. त्या हिटलरचा पसारा आमच्या गावापर्यंत आला होता, उलट्या बाजूनं. १९३९ ला हिटलर आणि स्टालिननं पोलंड वाटून घेतला, पूर्वेकडच्या वाटणीतले लाखो पोलिश लोक सायबेरियाकडं हाकलले, त्यातले काही इराणमार्गे सुटून हिंदुस्थानात आले आणि १९४३ ते ४८ आमच्या वळिवड्यात त्यांची छावणी होती, पाच हजारांच्या आसपास माणसं, बायका पोरं जास्त. शाळा, चर्च, थिएटर सगळं होतं. आमचे आजोबा दूध घालायला जायचे, त्यांना शेवटपर्यंत पोलिश आकडे यायचे, दहापर्यंत. नंतर त्याच बराकीत सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर झालं.

आणि हे पण लक्षात घ्या की १९४५ नंतर पोलंड, चेकोस्लोव्हाकिया तिकडनं सव्वा कोटीच्या घरात जर्मन लोक हाकलून जर्मनीत आले. प्रशियाच्या पहिल्या राजाचा राज्याभिषेक ज्या क्योनिग्सबर्गला झाला ते आज रशियाचं कॅलिनिनग्राड आहे. म्हणून त्यांच्यात जर्मन माणूस आणि जर्मन देश या दोन वेगळ्या गोष्टी होऊन बसल्यात. १९१३ चा त्यांचा नागरिकत्वाचा कायदा रक्तावर होता, आईबाप जर्मन तर तू जर्मन, तिथं जन्मलास म्हणून नाही. ते बदललं २००० साली.

राजारामपुरी_ते_लाइपझिग

अरे सॅक्सनीचा विषय आणि मला कुणी टॅग केलं नाही! मी सहा वर्षं लाइपझिगला राहतो (हो, बाईच आहे, कोल्हापूरची आहे म्हणून राहतो, पुणेकरांनी व्याकरण तपासू नये).

माझ्या खालच्या मजल्यावर एक आजी आहेत, १९३१ चा जन्म, घर बदललं नाही कधी. मोजून बघा, जन्मल्या तेव्हा वायमार प्रजासत्ताक, दोन वर्षाच्या असताना हिटलर, एप्रिल १९४५ ला अमेरिकन फौज आली, जुलैत ते गेले आणि रशियन आले, मग ७ ऑक्टोबर १९४९ पासनं पूर्व जर्मनी, आणि आता हे. त्यांच्या कपाटात चार प्रकारच्या नोटा आहेत, एका बिस्किटाच्या डब्यात. सॅक्सनी हे राज्यसुद्धा मधे गायब झालेलं, १९५२ ला कम्युनिस्ट सरकारनं पाचही राज्यं मोडून १४ जिल्हे केले. राज्यं नको वाटायची रोगराई दोन्ही बाजूच्या हुकूमशहांना होती, चौथा अटेम्प्टवाल्याच्या मुद्द्याला जोडून सांगतो.

९ ऑक्टोबर १९८९ ला सोमवार होता. निकोलाय चर्चमधनं प्रार्थना संपवून माणसं बाहेर पडली आणि रिंग रोडवर सत्तर हजार झाली. चारच महिन्यांपूर्वी बीजिंगला रणगाडे चाललेले सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेलं. आजी म्हणतात त्या दिवशी दवाखान्यात जादा रक्त मागवून ठेवलंय अशी कुजबुज होती, त्यांनी पोराला घरात कोंडलं आणि स्वतः गेल्या. गोळी सुटली नाही. घोषणा होती, आम्हीच जनता. महिन्याभरात बर्लिनची भिंत पडली आणि मग तीच घोषणा एका शब्दानं बदलली, आम्ही एकच जनता. तो एक शब्द बदलला आणि सगळं बदललं, आधी हक्क मागत होते, नंतर देश.

पण मास्तर, १९९० ला जे झालं ते बिस्मार्कपेक्षा तुमच्या पटेलांच्या बाजूचं वाटतं मला. दोन देशांनी बसून नवी घटना केली नाही. ऑगस्टमधे पूर्वेच्या संसदेनं ठराव केला की आम्ही पश्चिमेच्या घटनेखाली येतो, पाच राज्यं परत उभी केली आणि ३ ऑक्टोबरला सामील. जुलैतच पश्चिमेचा मार्क आला होता, पगार एकास एक. ऐकायला गोड, पण कारखान्यांना तो पगार झेपेना आणि धडाधड बंद पडले. आजींच्या नवऱ्याचा सूतगिरणीतला चाळीस वर्षांचा अनुभव एका पत्रानं संपला. इथं पूर्वेत आजही एएफडी या कडव्या उजव्या पक्षाला एवढी मतं का पडतात (२०२४ ला थुरिंगियाच्या विधानसभेत तेच पहिले आले) यावर लोक काहीपण सांगतात, मला त्यातलं थोडं त्या पत्रात दिसतं. सगळं नाही. माझ्यासारख्या परदेशी चेहऱ्याकडं ट्राममधे कुणी कसं बघतं ते पत्रानं माफ होत नाही.

आणि शिरोलीभाऊ, अजून एक सांगतो, नोव्हेंबरात २३ तारखेच्या आधीच्या बुधवारी पण इथं सुट्टी असते, फक्त सॅक्सनीत. बाकी जर्मनीनं ती १९९५ ला सोडली. लिहून ठेवा.

गंगावेस_कट्टा

ताई लई दिवसांनी. एक विचारू का, सध्याच्या त्यांच्या घटनेत असं हाय म्हणं की सरकार नुसतं पाडता येत न्हाई, आधी नवा चान्सलर कोण ते ठरवून त्याला बहुमत दाखवायचं मगच जुना जातो. हे आपल्याकडं पाहिजे होतं, गोव्याच्या हॉटेलवाल्यांचं नुकसान झालं असतं फक्त.

राज्यसेवा_चौथा_अटेम्प्ट

कलम ६७. वायमारमधे सगळे मिळून सरकार पाडायचे आणि नवं कुणाला जमायचं नाही, म्हणून १९४९ ला ते घातलं, पाच टक्क्यांच्या खाली मतं असली तर पक्षाला जागा नाही ही अटही त्यानंतरचीच. ६७ दोनदाच वापरलंय. १९८२ ला श्मिट गेले कोल आले. त्याआधी १९७२ ला विली ब्रांटना पाडायचा प्रयत्न दोन मतांनी फसला, आणि नंतर विरोधी बाजूच्याच एका खासदारानं कबूल केलं की पन्नास हजार मार्क घेतले होते, ते पूर्व जर्मनीच्या हेरखात्याकडनं आलेले हे पुढं उघड झालं.

गंगावेस_कट्टा

म्हंजे खोकी तिकडं पण हायत. बरं वाटलं.

कागलचे_मास्तर

चौथा अटेम्प्ट, तुझी दुरुस्ती मान्य. आजच्या रेघा बऱ्याच नव्या आहेत. पण बघ, दोस्तांनी नव्या रेघा मारल्या तरी सवय जुनीच उरली. २३ मे १९४९ ची त्यांची घटना, कोल्हापूर विलीन झाल्यावर तीनच महिन्यांनी आलेली, तिला ते घटना म्हणतही नाहीत, मूलभूत कायदा म्हणतात, कारण देश दोन तुकड्यात असताना घटना कशी करायची. आणि त्या कायद्याला बव्हेरियाच्या विधानसभेनं चक्क नकार दिला, १०१ विरुद्ध ६३. सोबत असंही ठरवलं की बाकी दोन तृतीयांश राज्यांनी मान्य केलं तर आम्हीही पाळू. नापसंत पण हजर.

शेजाऱ्याशी एक होणं कुणालाच आवडत नाही रे. १९१९ ला कोबुर्गच्या लोकांना विचारलं, थुरिंगियात जाता का, त्यांनी मत देऊन नाही सांगितलं आणि बव्हेरियात गेले. १९५१ ला बाडेन आणि वुर्टेमबर्ग जोडायला मतदान झालं, चार विभागात मोजलं आणि तीन विभाग हो म्हणाले म्हणून जोडलं, पण जुन्या बाडेनची मतं एकत्र मोजली असती तर नाही निघत होतं. तिथले म्हातारे अजून काढतात म्हणे. १९९६ ला बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग एक करायचं होतं, ब्रांडेनबुर्गनं पाडलं, शहरात जाऊन आमचा काय फायदा म्हणून. आपल्या हद्दवाढीची भांडणं आठव, कळंब्याला नाहीतर उचगावला उभा राहून भाषण कर हद्दवाढीच्या बाजूनं, मग कळेल.

सत्ता एका जागी ठेवायची नाही हे मात्र त्यांनी ठरवून केलंय. सर्वोच्च घटना न्यायालय बर्लिनला नाही, कार्ल्सरूहला आहे. प्रशासकीय खटल्यांचं लाइपझिगला, कामगारांचं एरफुर्टला, करांचं म्युनिकला. आपण एका सर्किट बेंचसाठी किती वर्षं रस्त्यावर होतो ते तुम्ही पाहिलंय.

आणि ताई, १९९० ची तुमची तुलना बरोबर आहे, मी याआधी त्या बाजूनं विचार केला नव्हता.

शिरोली_सेकंड_शिफ्ट

सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं, जेवणाच्या सुट्टीत दोन हप्त्यात वाचलं. मी तीन राज्यांच्या सुट्ट्या काढून तीन रंगात डिस्पॅचच्या भिंतीवर लावल्यात. ६ जानेवारीला बव्हेरिया आणि स्टुटगार्ट बंद, सॅक्सनी चालू. केंद्राच्या कायद्यानं ठरलेली एकच सुट्टी आहे, ३ ऑक्टोबर, बाकी सगळ्या ज्याच्या त्याच्या. साहेबांनी बघितलं, काही बोलले नाहीत म्हणजे आवडलं.

मास्तर एक राहिलं. तुम्ही तो १५५५ चा तह म्हणाला ना आउग्सबुर्गचा, आमच्या बव्हेरियावाल्याचा प्लांट आउग्सबुर्गलाच आहे, पत्त्यात तेच आहे. तेच गाव का?

कागलचे_मास्तर

तेच. मग ८ ऑगस्ट पण लाल कर. १६५० पासून ते शांततेचा सण पाळतात, त्या दिवशी सुट्टी फक्त त्या एका शहराला असते. बाकी बव्हेरिया कामावर.

शिरोली_सेकंड_शिफ्ट

काय राव. चौथा रंग आणायला पाठवतो.